कोणी ऐकत नसताना

वाकडच्या पुलाशी कंपनीची बस नेहमीसारखी अडकली होती आणि दीपालीच्या कानात नंदाताई बोलत होत्या. ‘इथून पृथ्वी दिसत नाही. दिसते ती तिची आठवण. आणि आठवणीला वजन नसतं, म्हणूनच ती इतक्या लांब माझ्यासोबत येऊ शकली.’ आवाज तोच होता. प्रत्येक अक्षर धुऊन, झटकून दोरीवर घातल्यासारखं स्वच्छ. ‘आठवण’मधला ण नीट टाळूला टेकून आलेला, आणि वाक्य संपतासंपता सूर किंचित खाली उतरून थांबलेला, जिना उतरणारा माणूस शेवटच्या पायरीवर थांबावा तसा. दीपालीनं सुखानं डोळे मिटले. मग एकदम उघडले. हे वाक्य तिनं काल संध्याकाळी लिहून पाठवलं होतं. नंदाताईंनी ते पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आणि गळ्याच्या ऑपरेशननंतर, गेले कित्येक महिने, एवढं लांब वाक्य त्यांना एका दमात म्हणता येत नव्हतं. तिनं इअरफोन उपटून काढले. अंगावर कोणीतरी ओळखीचा हात ठेवावा आणि वळून बघावं तर माणूसच नसावा, तसं झालं. बसमध्ये सगळ्यांच्याच कानात काही ना काही होतं. पलीकडच्या सीटवरची मुलगी कोणाचं तरी ऐकून एकटीच हसत होती. दीपालीनं मोबाइल पाहिला. न वाचताच लावलेल्या फाइलीखाली मेसेज होता, रेडिओनाटक करणाऱ्या कंपनीतल्या शुभंकरचा : ‘ताईंच्या जुन्या रेकॉर्डिंग्जवरून एआयनं बनवलंय. फक्त सॅम्पल. मॅजिक आहे ना, मॅम?’

मॅजिक होतंच. म्हणून तर तिला भीती वाटली. हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती दापोडीला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होती आणि तिचे वडील, भीमराव, खडकीच्या कारखान्यातून येऊन हातपाय धुऊन रेडिओसमोर बसत. नाटक लागलं की आई, हिरा, स्टोव्ह बारीक करायची, पोळ्या नंतर. बुद्धवंदनेला घरात जशी शांतता व्हायची, तशीच जवळजवळ नाटकालाही. ‘या बाईचा आवाज म्हणजे इस्त्रीचं कापड,’ वडील म्हणायचे, ‘कुठं घडी मोडत नाही.’ ती बाई म्हणजे नंदाताई. राणी असो, मास्तरीण असो, बंगल्यातली विधवा असो, कोणाचंही दुःख त्या आवाजात आलं की कपडे नीट करून, केस विंचरून यायचं. दीपाली मोरीत भांडी घासताना तसं बोलून बघायची. आईलाही नाद लागला. ‘पाणी,’ दीपाली म्हणायची. ‘पाणी,’ आई म्हणायची, आणि तो ण जमला की दोघी खदखदून हसायच्या, जिभेवर काहीतरी लिमलेटच्या गोळीसारखं सापडल्यावर हसावं तशा. शाळेत वक्तृत्वाला ती उभी राहिली तेव्हा बाई म्हणाल्या, ‘किती शुद्ध बोलते ही!’ आणि मग विचारलं, ‘कुठे राहतेस?’ उत्तर ऐकल्यावर बाईंच्या भुवया जरा वर गेल्या. दीपालीला तेव्हा कळलं, की तिच्या बोलण्यावरून आता तिची गल्ली ओळखता येत नाही. तिला त्यात विजय वाटला होता. आजही थोडा वाटतो. त्या आवाजाचा हात धरून ती दापोडीतून कॉलेजात, कॉलेजातून, नंदाताई जिथं तिला प्रत्यक्ष भेटल्या त्या रेडिओच्या इमारतीत, तिथून हिंजवडीच्या नोकरीपर्यंत आली. दिवसभर ती सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहायची आणि उरलेल्या वेळात नाटकं. आणि तिच्या प्रत्येक नाटकात, कुठल्याही बाईच्या तोंडचं वाक्य लिहिताना, तिच्या डोक्यात ते नंदाताईच म्हणत असत.

‘कक्षेबाहेर’ हा सिनेमा मात्र तिचा नव्हता; तो सगळ्यांचा होता. गेल्या वर्षी तो आला आणि गावभर झाला. रिक्षांच्या मागे ‘सिग्नल गेला तरी मी येतेय’ असं रंगवलेलं दिसू लागलं, गणपतीत दोन मंडळांनी यानाचा देखावा केला. इरावती नावाची अंतराळवीर शनीच्या वाटेवरून एकटी परत येते आहे. सगळे सोबती गेलेत. शेवटी शेवटी तिचा संदेश पाठवणारा यंत्रभाग बिघडतो. खालचं सगळं तिला ऐकू येतं, पण तिचं खाली कोणाला ऐकू जात नाही. खालचे लोक समजतात, ही गेली. नियंत्रण कक्षात सगळे उभे राहतात, तिचं नाव घेतलं जातं, तिच्यासाठी मौन पाळलं जातं, आणि ती वरून ते ऐकत घरी येत असते. सिनेमात इथं एकही शब्द नाही. फक्त तिचा चेहरा आणि खिडकीत मोठा होत जाणारा निळा गोल. कोथरूडच्या थिएटरात दीपालीनं तो पाहिला, तेव्हा पॉपकॉर्न खाणारे हात हवेत थांबलेले तिनं स्वतः बघितले होते. शुभंकरच्या कंपनीनं रेडिओनाट्याचे हक्क मिळवले आणि लिहायला तिला बोलावलं, तेव्हा तिनं आनंदानं होकार दिला आणि घरी येईपर्यंत तिला घाम फुटला. चेहरा आणि निळा गोल. रेडिओवर या दोन्ही गोष्टी नसतात. बाकीचं नाटक तिनं झपाट्यानं लिहून काढलं आणि त्या जागेशी येऊन अडली. मग तिनं इरावतीला बोलायला लावलं. नाहीतरी कोणाला ऐकू जाणार नाही, तर बोलू दे मोकळं. दीड पानाचं स्वगत झालं. सुंदर झालं, असं तिला वाटत होतं. आठवणीला वजन नसतं, हे त्यातलंच.

जेवणाच्या सुट्टीत तिनं शुभंकरला फोन केला. मुलगा वाईट नव्हता. नंदाताईंचं नाव घेताना तोसुद्धा आपोआप जरा सावरून बोलायचा. ‘मॅम, ताईंना विचारूनच. मानधन त्यांचं, नाव त्यांचं. प्रोड्यूसरना ताईंचाच आवाज हवाय, आणि तो आवाज आता... म्हणजे, सॉरी, पण आता तो फक्त इथेच आहे ना.’ इथेच म्हणजे कंप्यूटरमध्ये. ‘तुम्ही विचाराल का? मी विचारलं तर फार कमर्शियल वाटेल.’ दीपाली हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण ते सॅम्पल चार वेळा ऐकलंय. आणि प्रत्येक वेळी आवडलंय.

नंदाताई कात्रजला डेअरीपासून जवळच एका सोसायटीत एकट्या राहत. गळ्यावर आता बारीक आडवी रेघ होती. त्या ती लपवत नसत. गाठ काढताना आवाजाची एक नस दुखावू शकते, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, आणि तसंच झालं. स्वरयंत्राची एक पट्टी हलेनाशी झाली. आता बोलायला लागलं की निम्मी हवा शब्दाआधीच निसटून जायची. चारपाच शब्द, मग श्वास. पुन्हा चारपाच. दीपाली फोनवर त्यांच्याशी बोलणं टाळायची, मेसेज करायची. त्यांना त्रास नको, असं ती स्वतःला सांगायची.

त्यांनी सॅम्पल पूर्ण ऐकलं. मान किंचित कललेली, डोळे जमिनीवर. दुसऱ्या कोणाची तालीम ऐकताना बसत तशा. मग म्हणाल्या, ‘पुन्हा लावा.’ पुन्हा ऐकलं.

‘छान बोलायची हो,’ त्या म्हणाल्या. ‘कोणी तोंडावर... सांगितलं नाही कधी. पुण्यात सांगत नाहीत.’

दीपाली हसली. ‘तुम्हाला नको असेल तर मी आत्ता त्याला—’

‘थांबा हो. ही श्वास... कुठे घेते?’

दीपालीनं ऐकलं. खरंच, एवढ्या लांब वाक्यात कुठेच श्वास नव्हता.

‘मी घ्यायची,’ नंदाताई म्हणाल्या. ‘चोरून. स्वल्पविरामाच्या... आडोशाला. ती सगळी कला तेवढीच.’ त्यांनी मोबाइल तिच्याकडे सरकवला. ‘कागद आणलाय?’

‘कशाला?’

‘वाचते.’

नको म्हणायचं धैर्य दीपालीला झालं नाही. तिनं ते दीड पान दिलं. नंदाताईंनी चष्मा लावला, पाठ ताठ केली, आणि ‘इथून पृथ्वी दिसत नाही’ हे नीट आलं. ‘दिसते ती तिची’ इथं हवा संपली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी वाक्य रेटलं, आणि आवाज फाटून नुसता वारा आला, फुंकणीतून यावा तसा. दीपाली खाली बघत राहिली. तिला स्वतःच्या त्या सुंदर वाक्याची शिसारी आली. इतकं लांब, इतकं नटलेलं, आणि समोर ही बाई ते उचलायला वाकलेली. नंदाताई खोकल्या. खूप खोकल्या. हात पुढे करून, श्वास न सापडता, म्हणाल्या, ‘पानी... पानी दे गं.’

दीपाली उठली, माठातलं पाणी आणलं, आणि ते त्यांच्या हातात देताना तिला ऐकलेलं समजलं. पानी. दे गं. वीस वर्षांत त्यांनी तिला ‘तुम्ही’शिवाय हाक मारली नव्हती.

नंदाताईंच्याही ते लक्षात आलं असावं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘दमले की येतं. आता रोजच... दमते.’ आणि तुकड्यातुकड्यांनी, मधे थांबत, त्यांनी सांगितलं. लोणी काळभोरची मुलगी. घरी मळा, गुरं. कॉलेजसाठी पुण्यात चुलत्याकडे आली. रेडिओच्या पहिल्या आवाजचाचणीत नापास. शेरा होता, ग्रामीण वळण. मग वर्षभर रोज सकाळी गच्चीवर उभं राहून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. अग्रलेखासकट. जिभेवर पेन्सिल आडवी धरून. ‘हाय’चं ‘आहे’ केलं. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. ‘इतकं घासलं... की मग घरी गेले तरी... ते परत येईना. थोरली बहीण म्हणायची, पाव्हणी आली.’ त्या हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. ‘आता मशीनच बिघडलं. तर आतलं... आपोआप यायला लागलं.’

दीपालीला आजवर वाटत होतं, की हा आवाज या बाईला जन्मतःच मिळाला होता, पेशव्यांच्या काळापासून घराण्यात वगैरे. आणि आपण मात्र मोरीत बसून त्याची नक्कल केली. आणि ही तिकडे गच्चीवर उभी होती, पेन्सिल तोंडात धरून. एवढ्या वर्षांत आपण दोघी किती वेळा एकाच टेबलाशी बसलो, किती वेळा एकमेकींचे उच्चार तपासले, आणि दोघींनीही घराचा पत्ता सांगितला नाही. तिला फसवल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट त्या आवाजाबद्दलचा तिचा आदर आणखी वाढला, आणि आता त्याला मातीचा, चुन्याचा, घामाचा वास होता. मिळालेली गोष्ट वेगळी आणि कमावलेली वेगळी. तिच्या वडिलांना हे सांगायला हवं होतं. पण वडील जाऊन तीन वर्षं झाली होती.

‘मी करते इरावती,’ नंदाताई म्हणाल्या. ‘ही कागदातली नाही जमणार. पण मला सांगा, कोणी ऐकत नसताना... माणूस असं बोलतं का हो?’

या प्रश्नानं दीपालीचे पुढचे काही दिवस खाल्ले. बसमध्ये, ऑफिसात पुस्तिकेतल्या सूचना क्रमानं लावताना, वरणाला फोडणी देताना. कोणी ऐकत नसताना मी कशी बोलते? तिनं लक्ष ठेवायचं ठरवलं आणि तिला सापडेचना, कारण लक्ष ठेवलं की ऐकणारं कोणीतरी झालंच. मग एकदा गरम तव्याला बोट लागलं आणि तोंडातून ‘आय गं’ निघालं. आई नाही, आय. दापोडीच्या त्या दोन खोल्यांतलं. ती तशीच उभी राहिली, बोट नळाखाली धरून. किती वर्षं हा शब्द आत बसून होता, कोणी बोलावलं नाही तरी न रागावता. तिनं दीड पान काढलं आणि आडवी रेघ मारली. छोटी वाक्यं लिहून पाहिली. चार शब्द, तीन शब्द. तीही खोटी वाटली. छाटलेल्या झाडासारखी. नंदाताईंच्या गावची बोली लिहून पाहिली, तर ती गावाकडच्या विनोदी नाटकातली झाली. शेवटी तिनं खालच्या लोकांची सगळी वाक्यं ठेवली, आणि मधे मधे फक्त ‘इरावती :’ असं लिहून पुढची जागा रिकामी सोडली. पान शुभंकरला पाठवण्याआधी तिनं ते तीनदा उघडून पाहिलं. लेखक म्हणून तिनं एवढं कमी कधीच लिहिलं नव्हतं.

शुभंकरचा लगेच फोन आला. ‘मॅम, हे ब्लँक का आहे?’

‘ते ताई बोलतील.’

‘काय बोलतील?’

‘मला माहीत नाही.’ मग तिनं लोणीचं सांगितलं, थोडक्यात.

‘मॅम, विथ ड्यू रिस्पेक्ट, ती अ‍ॅस्ट्रोनॉट आहे. अ‍ॅस्ट्रोनॉट अशी कशी बोलेल?’

‘तिची आई कशी बोलत असेल?’

‘कोणाची?’

‘इरावतीची.’

‘ते सिनेमात दाखवलेलं नाही.’

‘हो ना,’ दीपाली म्हणाली. ‘मग आपल्याला तरी काय माहीत!’

तो हसला. मग गंभीर झाला. शेवटी ठरलं ते असं : एकदा ताईंना करू द्यायचं, प्रोड्यूसरना पटलं नाही तर, ताईंची परवानगी असेल तर, तो दुसरा आवाज. दीपालीनं हे जसंच्या तसं नंदाताईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं : ‘ठीक. ती बाई तयारच आहे. दमत नाही.’

रेकॉर्डिंग सकाळी होतं. ध्वनिमुद्रक विश्वजीतनं माइक फार जवळ लावला, कागदाचा तुकडा जेमतेम मधून जाईल इतका. काचेपलीकडे नंदाताई खुर्चीत बसल्या. पूर्वी त्या नेहमी उभ्यानं बोलत. त्यांनी पानं चाळली, रिकाम्या जागांशी आल्या आणि काचेतून दीपालीकडे पाहिलं. ‘लिहायला विसरलात?’ बोलायचं बटण दाबून दीपाली म्हणाली, ‘नाही ताई. कोणी ऐकत नसताना ती काय बोलते, ते मला येत नाही. तुम्हाला येतं.’ नंदाताईंनी तिच्याकडे बघितलं, नको इतका वेळ. मग पान बाजूला ठेवलं आणि हेडफोन चढवले.

आधीचे प्रसंग झाले. तिथं इरावतीला थोडंच बोलायचं होतं, आणि नंदाताईंनी ते आपल्या जुन्या पद्धतीनं, तुटत पण नेटानं, प्रमाण भाषेत केलं. ऐकणारे होते ना तिथं. नियंत्रण कक्ष ऐकत होता. मग संदेशाचं यंत्र बिघडलं. मग खालचा अधिकारी तिचं नाव वाचू लागला. हे आधी मुद्रित केलेलं होतं, विश्वजीत ते हेडफोनमध्ये सोडत होता. नाव. गाव. वय. पलीकडे पहिल्यांदा नुसता श्वास आला. आत जाणारा, आणि बाहेर येताना वाटेत सांडणारा. दीपालीला वाटलं, हाच तो. चेहरा. निळ्या गोलाच्या जागीही हाच. ‘मी बोलतेय,’ इरावती म्हणाली, अजून शुद्ध. ‘नियंत्रण कक्ष, मी... बोलतेय.’ खाली नाव वाचणं चालूच. ‘मी आहे. अहो, मी...’ आणि इथं हवा संपली. नंदाताईंनी पुन्हा श्वास घेतला, त्या श्वासाबरोबर पाठीतला ताठपणा गेला, खांदे उतरले, आणि आवाज कुठून तरी खालून आला, छातीच्याही खालून. ‘मी हाय की. हितं. समदं ऐकतीया मी.’ श्वास. ‘नगा रडू. कशापायी रडताय?’ श्वास. ‘आलेच. हे काय... दिसाया लागलं.’ खाली मौन पाळायला सांगितलं गेलं आणि सगळे उभे राहिल्याचा आवाज आला, खुर्च्या सरकल्याचा. त्या शांततेत ती बाई, ऐकणारं कोणी नाही हे माहीत असताना, अगदी हळू, दारातून आत डोकावून विचारावं तसं विचारत होती : ‘कोन हाय का तिकडं?’

विश्वजीत यंत्रांवरचा हात उचलायला विसरला. दीपालीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं नव्हतं. हीच बाई, तिच्या मनात आलं. राणी होती तेव्हाही हीच होती. इस्त्रीच्या कापडाखाली हीच उभी होती, सगळा वेळ. एकेका चोरलेल्या श्वासात ती थोडी थोडी येत होती आणि आपल्याला ते दुःखाचं सौंदर्य वाटायचं. नंदाताई बाहेर आल्या. भिंतीला हात धरून उभ्या राहिल्या. ‘झालं बरं?’ त्यांनी विचारलं. दीपालीनं वाकून त्यांना नमस्कार केला. असं ती कोणाला करत नसे. ‘उठ,’ नंदाताई म्हणाल्या. ‘कंबर धरंल.’

प्रोड्यूसरनी ऐकलं आणि दुसऱ्या आवाजाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. शुभंकरनं तेवढं सांगितलं, आणि, इंग्रजी न वापरता, ‘मी चुकत होतो,’ असंही.

नाटक रविवारी दुपारी लागलं. दीपाली कात्रजलाच गेली. नंदाताई आपलं काम कधी ऐकत नसत. सुरू व्हायच्या आधीच त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या. स्वयंपाकघरात त्यांची थोरली बहीण होती, मालनबाई, आदल्या दिवशी लोणीहून आलेल्या, मळ्यातली मेथी घेऊन. जमिनीवर फतकल मारून त्या मेथी निवडत होत्या. दीपालीनं मोबाइल ओट्यावर ठेवला.

‘नंदीचं हाय का?’ मालनबाईंनी विचारलं. ‘लावा. पर मला काय कळत न्हाई तिचं. लई चांगलं आसतंया, लोक सांगत्यात. पर ती बोलाय लागली की मला ती दिसतच न्हाई बगा.’

नाटक सुरू झालं. यानाची घरघर, नियंत्रण कक्षातलं तांत्रिक बोलणं. मालनबाईंचं लक्ष नव्हतं. मधेच त्यांनी मेथीच्या भावाबद्दल काही सांगितलं, मधेच दीपालीला किती मुलं ते विचारलं. इरावतीचं यंत्र बिघडलं. अधिकारी नाव वाचू लागला. दीपालीनं आवाज वाढवला. तो श्वास ओट्यावरून, त्या एवढ्याशा मोबाइलमधून, स्वयंपाकघरभर झाला. ‘मी हाय की. हितं.’ मालनबाईंच्या बोटांतली काडी मोडायची राहिली. त्यांनी मान वर केली; मोबाइलकडे नाही, दाराकडे बघितलं. मागच्या अंगणात, गोठ्याच्या बाजूला, कोणी आलंय का बघावं तसं.

‘कोन हाय का तिकडं?’

‘हाय गं बाई, हाय,’ मालनबाई म्हणाल्या, मांडीवरची मेथी सावरून उठत. ‘ये की. हाय मी.’